रानपिंगळा आणि अवधूताची दृष्टी



दत्तजयंती आली की अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आपण ऐकतोच. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला ही यादी सांगितली. पुढे नाथमहाराजांनी ती ओवीत आणून आपल्यासारख्या संसारी माणसांच्या हाती दिली. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, टिटवी, साप, कोळी, कुंभारमाशी, म्हणजे बघा, जवळजवळ निम्मे गुरू प्राणी आणि किडेच आहेत. अवधूताने एकालाही ‘तुझा मला उपयोग काय?’ असे विचारले नाही. प्रत्येकाकडे बघितले, जे शिकायचे ते शिकला आणि पुढे निघाला.

यंदा एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. ज्यांच्यापासून शिकायचे ते जीवच संपत चालले, तर आपले कर्तव्य काय? आणि सगळ्यांना वाचवण्याइतका पैसा आणि माणसे नसतील, तर आधी कोणाला वाचवायचे?

दुसऱ्या प्रश्नावर लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने 2007 साली एक उपक्रम सुरू केला. त्याचे नाव ‘एज’. त्यांचा हिशेब मला, जन्मभर लेजरमध्ये डोके घातलेल्या माणसाला, लगेच समजला. सगळ्या जिवांची एक मोठी वंशावळ मांडायची. ज्याला जवळचे भाऊबंद पुष्कळ, त्याला गुण कमी. ज्याच्या फांदीवर तो एकटाच किंवा जवळजवळ एकटा उरला आहे, त्याला गुण जास्त. त्यात तो नष्ट होण्याचा धोका किती, हे मिळवायचे. जो जास्त एकटा आणि जास्त संकटात, तो यादीत वर. अशा जिवांवर त्या त्या देशातल्या तरुण अभ्यासकांनी काम करावे म्हणून ही मंडळी त्यांना शिकवतात आणि पैसेही देतात.

बँकेत आम्ही खातेदाराला नेहमी विचारायचो, ‘वारस लावलाय का?’ ज्या खात्याला वारस नाही, नॉमिनी नाही, ते खाते खातेदाराबरोबर मुके होते. जिवांचेही तसेच आहे. चिमणीची एक जात गेली तर तिच्या बहिणी मागे असतात. पण ज्याच्या मागे कोणीच नाही तो गेला, की लाखो वर्षांची शिल्लक एका दिवसात शून्य. बुडीत कर्ज राइट ऑफ केल्यावरही कधीतरी वसूल होऊ शकते. इथे वसुली नाही.

पक्ष्यांची अशी यादी 2014 साली निघाली. तिच्या पहिल्या शंभरात आपल्या महाराष्ट्रातले एक लहानसे घुबड होते. त्याचे नाव रानपिंगळा. आपल्या वाडीत, देवळाच्या शिखरावर दिसतो तो साधा पिंगळा वेगळा. त्याच्यावरूनच पहाटे कुडमुडे वाजवीत, भविष्य सांगत येणाऱ्या पिंगळ्याची आठवण आपल्या वयाच्या लोकांना असेल. रानपिंगळा सागाच्या मोकळ्या, कोरड्या जंगलात राहतो, जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो आणि भर दिवसा उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर धरतो.

त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. 1872 साली ब्लेविट नावाच्या साहेबाला आजच्या छत्तीसगडच्या भागात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी ह्यूमसाहेबांनी त्याचे वर्णन करून ब्लेविटचे नाव दिले. पुढे खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानेही काही पक्षी जमवले. 1884 नंतर मात्र तो कोणाला मिळालाच नाही. मेलेले, भुसा भरलेले सात नमुने जगातल्या संग्रहालयांत, आणि जिवंत एकही नाही.

मग एक नोंद पुढे आली. कर्नल माइनर्टझागन नावाच्या बड्या इंग्रज गृहस्थाने आपल्याला 1914 साली गुजरातेत, तापीकाठी मांडवीजवळ हा पक्षी मिळाल्याचे सांगितले. माणूस नामांकित, श्रीमंत, लष्करातला. कोण शंका घेणार? त्याच्या भरवशावर लोक भलत्याच जागी शोधत राहिले. अखेर अमेरिकेच्या पामेला रासमुसेन या बाईंनी जुन्या नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा उघड झाले की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून डेव्हिडसनचाच जुना पक्षी चोरला होता आणि नवी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवला होता. आमच्या भाषेत सांगायचे तर खोटे व्हाउचर!

रासमुसेनबाईंनी खोटी नोंद खोडून टाकली आणि खऱ्या नोंदी जिथल्या होत्या तिथे त्या स्वतः गेल्या. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे सोबती बरोबर होते. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षांनी! अर्थात तो पक्षी कुठे गेलाच नव्हता. तिथल्या रानात राहणाऱ्या लोकांपासून तो दूर नव्हता, फक्त कागदावरून तो नाहीसा झाला होता.

पुढचे काम आपल्याकडच्या माणसांनी केले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी, त्यांच्याबरोबर फराह इश्तियाक, नंतर गिरीश जठार यांनी खानदेश आणि सातपुड्यात हिंडून हा पक्षी कुठे राहतो, काय खातो याचा अभ्यास केला. पुण्याच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांच्या संस्थेने मेळघाट आणि मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवला. आणि 2014 साली, म्हणजे ज्या वर्षी आपला पालघर जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांना तो तानसा अभयारण्यात सापडला! हे अभयारण्य शहापूरपासून आपल्या वाडा-मोखाड्याकडे पसरलेले आहे. ज्याला सातपुड्याचा पाहुणा समजत होते तो आपल्या शेजारी निघाला. तानसा म्हटले की आपल्याला 1892 सालचे धरण आणि मुंबईचे पाणी एवढेच आठवते. ते पाणी ज्या रानातून झिरपून येते, त्यातच याचे बिऱ्हाड आहे.

या मंडळींकडे बघून मला ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ नव्याने कळतो. एका बाजूला कर्नल. त्याला पक्षी आपल्या नावावर हवा होता. दुसऱ्या बाजूला हे लोक. पहाटे उठून रानात जायचे, तासन् तास एका झाडाखाली बसायचे, आणि शेवटी हातात काय? एक नोंद. पक्षी झाडावरच राहतो. ज्याची सेवा केली त्याला आपण कोण हे माहीतसुद्धा नसते. निष्काम कर्मावर आपण प्रवचने ऐकतो, तेच हे लोक चिखल तुडवत करतात. त्यांच्याबरोबर वाट दाखवणारे आदिवासी बांधव आणि वनरक्षक असतात, त्यांची नावे तर बहुतेक वेळा छापलीही जात नाहीत.

आता खरा पेच सांगतो. 2018 साली पंकज कोपर्डे, प्राची मेहता, व्ही. व्ही. रॉबिन आणि इतर अभ्यासकांनी रानपिंगळ्याची जनुके तपासली. निष्कर्ष निघाला की तो समजला जात होता तितका एकटा नाही. साध्या पिंगळ्यांच्या कुळातच त्याची जागा आहे. त्याच वर्षी, तो आणखी ठिकाणी सापडल्यामुळे, जागतिक यादीत त्याचा धोकाही ‘अतिसंकटग्रस्त’वरून एक पायरी खाली ‘संकटग्रस्त’ असा झाला. म्हणजे दोन्ही बाजूंनी गुण कमी. मग आपली मायाही कमी करायची का?

मला वाटते, इथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. गुण हे कामाचा क्रम लावण्यासाठी असतात. पैसा मोजका असेल तर क्रम लावावाच लागतो, त्यात निर्दयपणा नाही. घरात दोन मुले आजारी असली तर आई आधी जास्त तापलेल्याच्या उशाशी बसते. पण म्हणून दुसरे तिला कमी लाडके असते का? क्रम बदलतो, नाते बदलत नाही. आणि ज्यांनी इतकी वर्षे या पक्ष्यासाठी घालवली, त्यांच्यापैकीच काहींनी तो तितका एकटा नाही हे छापून सांगितले, हे विशेष. सत्य लपवून त्यांनी आपल्या लाडक्याचे महत्त्व वाढवले नाही. कर्नलने नेमके उलटे केले होते.

कोणी म्हणेल, ‘आधी माणसाचे बघा, पाखराचे नंतर.’ हा प्रश्न खोटा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पाड्यांवर पावसाळा संपला की पाण्यासाठी बायाबापड्यांची वणवण असते, पोरांचे कुपोषण आहे, तारापूरच्या कारखान्यांच्या धुराचा त्रास आहे. जंगल राखायचे आणि त्याचा सगळा भार रानातल्या गरिबाने सोसायचा, हे न्यायाचे नाही. पण नीट विचार केला तर पाखराला जे हवे तेच पाड्यालाही हवे: उभे जंगल, जुनी झाडे, मुरणारे पाणी. रान बोडके झाले तर पिंगळा आधी जाईल, मागोमाग विहीर आटेल. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा बहुधा तिसराच कोणी असतो, आणि त्याला लाकूड हवे असते किंवा जमीन.

आपण म्हातारी माणसे रानात हिंडू शकणार नाही, हे खरे. पण आपल्या हातचेही काही आहे. दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा बळी देऊन लक्ष्मी येते असे सांगणारे भोंदू अजून आहेत. मांडूळ विकून लखपती होण्याची आणि खवल्या मांजराच्या खवल्यांची भाषा करणारेही आहेत. हे सगळे जीव 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कायदा राहू द्या, घुबड लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि त्याचाच गळा कापायचा, हा कुठला धर्म? आपल्या घरात, नातवंडांसमोर हे स्पष्ट बोलण्याचा मान वयाने आपल्याला दिला आहे, तो वापरावा. अंगणातले ढोलीचे जुने झाड ‘पडेल’ म्हणून तोडण्याआधी ते खरोखर पडणार आहे का, हे कोणा जाणत्याला विचारावे. ओढ्याकाठचा उंबर राखावा, त्याची फळे खाऊन किती पाखरे जगतात ते बघावे. महाराजांचा वास औदुंबरात आहे असे आपण मानतो, तर त्या पाखरांची सोय हीही पूजाच झाली.

चोवीस गुरूंत एक पिंगला आहे, विदेह नगरीतली गणिका. पैशाची वाट बघत ती मध्यरात्रीपर्यंत दारात ताटकळली आणि आशा सोडल्यावर तिला शांत झोप लागली. आपल्या रानातल्या पिंगळ्याचा तिच्याशी नावापुरताच संबंध. पण त्याच्यासाठी झटणाऱ्यांना तिचा धडा चांगला समजलेला दिसतो. मोबदल्याची आशा न धरता ते काम करतात आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा रानात जातात.

प्राणिमात्रांत महाराज पाहण्याची बुद्धी आपल्या सर्वांना होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥