अम्माऊसची वाट आणि परतीची वाट

(पुनरुत्थान काळातील तिसरा रविवार : लूक २४:१३-३५)



पुनरुत्थानाच्या दिवशीच दोन शिष्य यरुशलेम सोडून निघाले. अम्माऊस तिथून साठ स्टादिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर दूर. एकाचे नाव क्लिओपा. दुसऱ्याचे नाव संत लूक सांगत नाही. ती रिकामी जागा कदाचित आपल्यासाठीच ठेवली असावी.

कबर रिकामी आहे, ही बातमी या दोघांनी सकाळीच ऐकली होती. देवदूतांनी स्त्रियांना काय सांगितले, तेही त्यांना ठाऊक होते. तरीही ते निघून चालले होते. म्हणजे त्यांच्याकडे माहितीची उणीव नव्हती. आपलेही असेच होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सारे शिकलो, श्रद्धांगीकार तोंडपाठ आहे, रविवारची मिस्सा चुकत नाही. पण मनात कुठेतरी आपण पाठ फिरवून चालू लागलेलो असतो.

येशूविषयीची आपली आशा ते दोघे भूतकाळात सांगतात. जणू ती आता संपली! आपल्या घराघरांतही अशा संपलेल्या आशा आहेत. कुणी आजाऱ्यासाठी कित्येक नोव्हेना केल्या, तरी माणूस गेला. कुणाचा मुलगा दारूच्या नादाला लागला. कुठे जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झाले. देवावर आपण राग काढत नाही. फक्त त्याच्याकडून काही मागायचे सोडून देतो. प्रार्थना ओठांवर राहते, अपेक्षा मरते.

अशा वेळी प्रभू काय करतो? तो त्यांना रस्त्यात अडवत नाही. चुकीच्या दिशेनेही त्यांच्याबरोबर चालतो आणि आधी त्यांचे गाऱ्हाणे पूर्ण ऐकून घेतो. मग मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगतो. क्रूस झालाच नाही, असे तो म्हणत नाही. ख्रिस्ताने दुःख सोसूनच गौरवात जायचे होते, हे तो दाखवतो. ज्या घटनेने त्यांची आशा मोडली, तिच्यातच देवाचे काम चालू होते. पवित्र शास्त्र आपली जखम झाकत नाही. ती ख्रिस्ताच्या जखमांशेजारी ठेवते. म्हणूनच डोळे उघडण्यापूर्वीच त्यांचे अंतःकरण पेटले.

पुढे संध्याकाळ होते. येशू पुढे जाण्याचा बेत दाखवतो. ते दोघे आग्रह करून त्याला ठेवून घेतात. हा आग्रह महत्त्वाचा आहे. वाटेत ऐकलेला शब्द घरात बोलवावा लागतो. मग भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखले. आधी शब्द, मग भाकर : आपल्या मिस्साबलिदानाचा क्रम हाच आहे. वाचने संपल्यावर मिस्सेला येणारा माणूस अम्माऊसचा अर्धा रस्ता वगळतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सर्व भाविकांना शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला. आपल्याला तर ते मायबोलीत मिळाले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पण पुस्तक कपाटात बंद राहिले, तर मन कसे पेटणार?

मन नवे झाल्याची खूण कोणती? ते दोघे त्याच घटकेला उठले आणि यरुशलेमला परतले. दिवस मावळला होता, अंतर तेवढेच होते, शहरातला धोकाही तसाच होता. परिस्थिती बदलली नव्हती. माणसे बदलली होती. ज्या मंडळीला सोडून निघाले, तिच्यातच ते परत गेले.

या आठवड्यात तीन गोष्टी करू या. रोज संध्याकाळी जपमाळेनंतर पंधरा मिनिटे आजचे शुभवर्तमान घरात मोठ्याने वाचू या. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आपली कोणती आशा मेली आहे, हे प्रभूला स्पष्ट सांगू या; प्रायश्चित्त संस्कार घेऊन बरेच दिवस झाले असतील, तर तोही घेऊ या. आणि ज्या दाराकडे आपण पाठ फिरवली, त्या एका दाराशी परत जाऊ या. भावाचे असेल, शेजाऱ्याचे असेल किंवा चर्चचे. समोरचा दार उघडेल की नाही, हे आपल्या हाती नाही. परत फिरणे आपल्या हाती आहे.

हे पुनरुत्थित प्रभो, आमच्या घरी मुक्कामाला ये. तुझ्या शब्दाने आमचे अंतःकरण पेटव आणि आमची पावले परतीच्या वाटेला लाव. आमेन.