सृष्टीचा हेतु आणि भुकेचा प्रश्न

ईश्वरानें ही सृष्टि कशासाठीं निर्मिली? जो पूर्णकाम, त्यास हेतु कसला? हेतु मानला कीं उणीव आली. म्हणून बादरायणांनीं ब्रह्मसूत्रांत सृष्टीस लीला म्हटलें. ख्रिस्ती धर्म ईश्वराच्या ठायीं उणीव मानीत नाहीं, परंतु हेतुही सोडीत नाहीं. त्याचें म्हणणें असें, कीं देवानें जग निर्मिलें तें कांहीं मिळविण्यासाठीं नव्हे, तर देण्यासाठीं. मनुष्य त्याच्या प्रतिमेचा. त्यानें त्या प्रेमाचा वांटेकरी व्हावें, हाच सृष्टीचा हेतु.

हें ऐकावयास गोड आहे. पण दुष्काळाचें काय? पंडिता रमाबाईंचे आईबाप व थोरली बहीण दुष्काळांत उपासमारीनें गेलीं. तीही देवाचीच योजना, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस निष्ठुर वाटतें. ज्याचा हेतु प्रेम, त्यानेंच भूक योजिली, हें संभवेल कसें?

रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. पुढें त्यांचें शारदासदन १८९० सालीं पुण्यांत आलें आणि धर्मांतरावरून येथें मोठें वादळ उठलें. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, तेथील निराधार मुली घेऊन आल्या, आणि दौंडाच्या वाटेवर केडगांवीं त्यांच्यासाठीं आसरा उभारिला. आम्हांस वाटतें, हेतूचा उलगडा येथें होतो. प्रेम सक्तीनें करवितां येत नाहीं. म्हणून प्रेमाचा हेतु मनुष्याच्या स्वखुषीच्या हातांनींच सिद्धीस जावयाचा. हात पुढें आले नाहींत, तर तो अपुराच राहतो.

मग ज्यांच्यापर्यंत कोणताच हात पोहोंचला नाहीं, त्यांचें काय? ख्रिस्ती मनुष्य पुनरुत्थानाकडे बोट दाखवितो. आमची श्रद्धा तेथवर जात नाहीं, हें प्रांजळपणें कबूल करतों. पण आमच्या घरचें उत्तर तरी निर्दोष आहे काय? ज्याचें त्याचें कर्म, असें म्हणून भुकेल्या मुलीकडे पाठ फिरविणें आम्हांस फार सोपें गेलें आहे. कर्मसिद्धांत तसें सांगत नाहीं. आम्हीं मात्र त्याचा तसा उपयोग केला.

सृष्टीस हेतु आहे कीं ती लीला आहे, हा वाद मिटेल तेव्हां मिटो. दाराशीं भुकेलें मूल उभें असतां आपण काय करतों, यावरूनच आपण खरोखर काय मानतों तें कळतें.