अग्नीची बाजू, मातीची बाजू

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. इटलीत दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर रात्री चिता रचली गेली. त्यांची छत्री आजही तिथे आहे. त्याच शहरात वर्षभर आधी भरलेल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दहनाचा पुरस्कार झाला होता, तो सार्वजनिक आरोग्यासाठी. वाढत्या शहरांनी दफनभूमींना वेढलं होतं, आणि मातीतून पाणी नासेल ही धास्ती होती.

१८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात पडुआच्या प्राध्यापक ब्रुनेत्तींची दाहिनी पाहून इंग्रज शल्यचिकित्सक सर हेन्री थॉम्पसन भारावले. १८७४ मध्ये त्यांनी इंग्लंडात दहनाची बाजू मांडली आणि त्यासाठी संस्था काढली. १८८५ मध्ये वोकिंगला पहिलं दहन झालं. थॉम्पसननी हाडांच्या राखेचं खत व्हावं असंही सुचवलं होतं. लोकांना ते किळसवाणं वाटलं. २०१९ मध्ये मात्र अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने देह कुजवून त्याची माती करायला कायद्याने मान्यता दिली. दीडशे वर्षांपूर्वीची शुद्ध ज्योत आता इंधन, कार्बन आणि दातांत भरलेल्या पाऱ्याच्या वाफेसाठी जाब देते आहे. मला यात पर्यावरणविचाराचा धरसोडपणा दिसत नाही. ज्या पिढीला ज्याची टंचाई, त्या मापाने ती मरणही मोजते.

आपल्याकडे टंचाई लाकडाची. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड सहज लागतं. १९८६ च्या गंगा कृती योजनेत नदीच्या स्वच्छतेसाठी विद्युतदाहिन्या आल्या. आपली वीज मुख्यतः कोळशाची, म्हणजे धुराचा काही भाग स्मशानातून उठून चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांकडे गेला; तरी झाडं वाचली, हे मोठंच काम. पण लोक बिचकले. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मुलगा चितेभोवती फिरतो, प्रत्येक फेरीला मडक्याला भोक पाडतात, शेवटी तो मागे न पाहता ते टाकतो. दाहिनीपुढे कठडा असतो. ट्रॉली आत सरकते, दार खाली येतं, आणि मुलाच्या हाताला काम उरत नाही.

दिल्लीच्या ‘मोक्षदा’ या संस्थेने १९९२ पासून हीच अडचण ओळखून काम केलं. लोखंडी जाळीवर चिता, खालून हवा, वर धुरांडं. लाकूड निम्म्याहून कमी लागतं आणि मंत्राग्नी हातानेच देता येतो. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्याच्या ठोकळ्यांना ‘मोक्षकाष्ठ’ म्हणतात. चितेची रचना तीच, फक्त इंधन वेगळं. मला हा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो.

पारशी समाजावर तर निवडीची वेळच आली नव्हती. माती, पाणी, अग्नी काहीच न विटाळणारी त्यांची रीत गिधाडांवर उभी होती, आणि गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडं संपवली. २००४ मध्ये कारण कळलं, २००६ मध्ये गुरांसाठीच्या औषधावर बंदी आली. तोवर मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटून देह सुकवणारी यंत्रं बसली होती. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानात दहन स्वीकारणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह उभं राहिलं. तिथे प्रार्थना झाल्यावर देह दाहिनीत जातो. हिंदू स्मशानांतही नवी दाहिनी बांधताना महापालिकांनी एवढं तरी पाहावं: दारापाशी फेऱ्यांपुरती मोकळी जागा, पाणी वाहून जाईल असा उतार, आणि घरच्यांना घाई न करणारं वेळापत्रक.