सोपं, पण कोणाला?

“आत्या, इथे हिरवा उतार नाहीच. निळ्यावर जाऊ का?”

गेल्या डिसेंबरात भाचीने ऑस्ट्रियातून फोन केला, तेव्हा मी एचएसआर लेआउटमधल्या घरी एका अनुवादाची प्रुफं तपासत होते. ती अमेरिकेत वाढलेली. तिथे दोनच दिवस हिरव्या उतारावर स्कीइंग शिकलेली. ‘जा’ म्हणायला हरकत नव्हती. तरी तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

अमेरिकेत हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा उतार, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. ऑस्ट्रियात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. म्हणजे एकच निळा रंग एकीकडे पहिली पायरी, दुसरीकडे दुसरी. अनुवादकाला असे शब्द ओळखीचे असतात. मराठीतली ‘शिक्षा’ हिंदीत गेली की तिचं शिक्षण होतं.

हा फरक मी वहिनीच्या मनगटावर शिकले. ऑस्ट्रियात चार दिवस निळ्या उतारावर काढून मी पुढच्या वर्षी भावाकडे अमेरिकेत गेले होते. वहिनी तेव्हा नुकती शिकत होती. निळी पाटी दिसताच मी म्हटलं, “चल गं, निळा म्हणजे सोपा. मी स्वतः उतरलेय.” अर्ध्या वाटेवर उतार एकदम खाली कलला. मी कशीबशी थांबले. तिला थांबता आलं नाही. बचावपथकाने तिला घसरगाडीवर बांधून खाली नेलं. मनगट मोडलं होतं. नंतर ती एवढंच म्हणाली, “तू उतरली होतीस ना, म्हणून आले.”

पाटी खोटी नव्हती. मीही खोटं बोलले नव्हते. मग चूक कुठे झाली?

आधी वाटलं, रंगांचा कोश चुकला. पण तेवढंच नव्हतं. अमेरिकेत प्रत्येक डोंगर आपल्या उतारांची प्रतवारी आपल्यापुरती, एकमेकांशी ताडून करतो. एका डोंगराचा निळा उतार दुसऱ्यावर काळा ठरू शकतो. जर्मन मानकात आकडा आहे: निळा उतार, थोडे तुकडे सोडले तर, २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० पर्यंत. २५ टक्के म्हणजे चार मीटर पुढे जाताना एक मीटर खाली. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प आठ मीटरला एक उतरतो, आणि पावसात तोही मी कठडा धरून उतरते. आकडा पक्का असला तरी त्यात बर्फाचा गोठलेला थर नसतो, मागून येणारी गर्दी नसते, थकलेले गुडघे नसतात.

सह्याद्रीतल्या गडांच्या माहितीतही ‘श्रेणी: सोपी, मध्यम, कठीण’ असं लिहिलेलं असतं. पण हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या कोरड्या सकाळी वेगळ्या, आणि पावसात, वरून माणसं उतरत असताना वेगळ्या.

मराठीत आपण म्हणतो, ‘मला गणित सोपं जातं.’ त्या वाक्यात ‘मला’ असतं. पाटीवर ते नसतं. तिथे जागाही नसते. पाटी डोंगराबद्दल बोलते, माझ्याबद्दल नाही. पण मी वहिनीला ‘सोपा’ म्हटलं तेव्हा ‘मला’ गाळलं आणि तिने तिथे ‘तुला’ ऐकलं. पाटीला समोरचा माणूस दिसत नाही. मला दिसत होता. तरीही मी पाटीसारखी बोलले, ही माझी चूक.

यावर कोणी म्हणेल, मग ‘सोपं आहे’ असं कोणाला म्हणायचंच नाही का? तसं केलं तर नवशिके पायथ्याशीच बसून राहतील. मला पहिल्यांदा उतरवणाऱ्या प्रशिक्षकानेही ‘सोपं आहे’ असंच म्हटलं होतं. पण तो माझ्यापुढे, माझ्याकडे तोंड करून, उलटा घसरत होता. त्याच्या ‘सोपं’मध्ये मी पडले तर धरणारे हात होते. माझ्या ‘सोपं’मध्ये नुसता माझा अनुभव होता.

फोनवर भाची थांबली होती. मी विचारलं, “हवं तिथे थांबता येतं का तुला?”

“डावीकडे वळून येतं. उजवीकडे भीती वाटते.”

“तिथला निळा म्हणजे तुमचा हिरवा, असं समज. पण पहिल्या फेरीला बरोबर कोण आहे?”

“मैत्रीण आहे. ती म्हणते, एकदम सोपा आहे.”

“तिला विचार,” मी म्हटलं, “कोणाला?”