धुराचा पत्ता

हवेला कुंपण नसते, म्हणून प्रदूषण हा सगळ्यांचा प्रश्न आहे, असे आपल्याकडे प्रत्येक पर्यावरणदिनी सांगितले जाते. ऐकायला ते उदार वाटते आणि त्यात अर्धे सत्यही आहे. उरलेले अर्धे त्या उदारपणाखाली झाकले जाते. धूर शेवटी सगळीकडे पसरतो हे खरे, पण तो पहिल्यांदा कुणाच्या खिडकीशी येतो, किती दाट येतो आणि तिथून उठून जाण्याची सोय कुणाला असते, या गोष्टी वाऱ्यावर ठरत नाहीत. त्या जमिनीच्या भावावर ठरतात, मंजुरीच्या फायलींवर ठरतात आणि विरोध करणाऱ्याचा आवाज किती लांब पोचतो यावर ठरतात. प्रदूषणाचे मोजमाप आपण हवेत करतो. त्याची वाटणी मात्र जमिनीवर झालेली असते, आणि ती तपासल्याशिवाय मोजमापाला फारसा अर्थ उरत नाही.

मुंबईतले माहुल हे या वाटणीचे सर्वांत उघडे उदाहरण. चेंबूरच्या दक्षिणेला खाडीकाठी वसलेले हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९५० च्या दशकात त्याच्या शेजारी परदेशी कंपन्यांचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, सत्तरच्या दशकात ते सरकारी मालकीचे झाले. पुढे आसपास खत कारखाना, औष्णिक वीजकेंद्र आणि रसायने साठवण्याच्या टाक्यांची भर पडली. स्थानिकांच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आणि इथल्या हवेमुळे माहुल व आंबापाडा परिसरातील रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले. लवादापुढे केईएम रुग्णालयाची एक पाहणी होती. तिच्यानुसार सुमारे ६७ टक्के रहिवाशांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत होती, ८४ टक्क्यांहून अधिक लोकांना घुसमटल्यासारखे होत होते आणि डोळे चुरचुरण्याची तक्रार त्याहून जास्त लोकांची होती. एवढे सगळे कागदावर आल्यानंतर, २०१७ पासून, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या हजारो कुटुंबांना घरे देण्यात आली ती याच माहुलमध्ये, ७२ इमारतींच्या वसाहतीत. जिथून माणसे हलवायला हवीत असे वाटावे तिथेच नवी माणसे आणून वसवली गेली.

यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही, यंत्रणा पाहावी. प्रकल्पबाधितांसाठी सदनिका बांधून देणाऱ्या विकसकाला मोबदला म्हणून हस्तांतरणीय विकासहक्क मिळतो आणि तो शहरात दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. साहजिकच त्याला घरे बांधायला स्वस्तात स्वस्त जमीन हवी असते, आणि मुंबईसारख्या शहरात जमीन स्वस्त असायला काहीतरी कारण असावे लागते. महापालिकेला ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या संख्येच्या सदनिका हव्या असतात. दोघांचेही हिशेब जुळतात. नव्या रहिवाशाच्या फुप्फुसाचा रकाना त्या हिशेबात नसतो, म्हणून तो रिकामा आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की कारखाने आधीचे आहेत, वस्ती नंतर आली, मग तक्रार कसली? जुन्या कोळीवाड्याच्या बाबतीत हा आक्षेप सरळ खोटा आहे. नव्या रहिवाशांच्या बाबतीत तो त्याहून गैरलागू आहे, कारण ते स्वतःहून आलेच नाहीत. शासनाने त्यांच्या हातात किल्ली ठेवली आणि जुने घर पाडले. याला निवड म्हणायचे असेल तर निवडीचा अर्थच बदलावा लागेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमुक माणसाचा दमा अमुक धुराड्यामुळेच झाला हे सिद्ध कसे करणार? गरीब वस्तीत दाटी असते, तंबाखू असते, कुपोषण असते, क्षयही असतो. हे सगळे मान्य. पण आधीच दुबळ्या फुप्फुसावर धुराचा मार अधिक बसतो, म्हणजे हा मुद्दा प्रदूषण करणाऱ्याला सोडवत नाही, उलट अशा लोकांना तिथे पाठवणाऱ्याला अधिक अडकवतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने चर्मोद्योगाच्या प्रदूषणावरील १९९६ च्या वेल्लोर निकालातच सावधगिरीचे तत्त्व स्वीकारले आहे: शास्त्रीय खात्री अपुरी आहे म्हणून उपाय लांबवता येत नाहीत, आणि आपले काम निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी उद्योगाची असते. प्रत्यक्षात पुरावा गोळा करत फिरतो तो खोकणारा माणूसच.

मोजमापाचीही एक गंमत आहे. आपण रोज पाहतो तो हवा गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांवर आधारलेला आहे: सूक्ष्म धूलिकणांचे दोन प्रकार, सल्फर आणि नायट्रोजनचे डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. तेल आणि रसायनांच्या साठ्यांतून उडणारी बेंझीनसारखी बाष्पे त्यात येत नाहीत. बेंझीनसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांत वर्षाच्या सरासरीची मर्यादा आहे, घनमीटरला पाच मायक्रोग्रॅम, पण रोजच्या निर्देशांकात त्याला जागा नाही. तेव्हा निर्देशांक ‘समाधानकारक’ आणि घरात मात्र वासाने डोके भणभणलेले, असे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

मग हवेला कुंपण नसते या म्हणण्याचे काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये संपूर्ण मुंबईची हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी २७ कलमी नियमावली काढली. हे योग्यच झाले. पण या तत्परतेतूनच विषमता दिसते. धूर उंच इमारतींपर्यंत पोचला की काही दिवसांत नियम निघतात. माहुलच्या नव्या रहिवाशांना मात्र विद्याविहारच्या पदपथावर महिनोन्महिने ठिय्या द्यावा लागला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मिळाला. प्रदूषित पंचगंगा नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शिरोळकरांना किंवा कोळसा आणि वीज यांच्यामध्ये सापडलेल्या चंद्रपूरकरांना हा अनुभव नवा वाटणार नाही. आणि रोजगाराचे काय, असे विचारणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की जलवाहिनीवरून आलेल्या कुटुंबांची कामे विद्याविहार-घाटकोपरकडेच राहिली. त्यांच्या वाट्याला शुद्धीकरण कारखान्याची नोकरी आली नाही, हवा तेवढी आली.

२०२५ मध्ये महापालिकेने माहुलमधली रिकामी पडलेली नऊ हजारांहून अधिक घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना सुमारे १२ लाख ६० हजार रुपयांना विकायला काढली. मुंबईत या पैशात घर मिळणे अशक्यप्राय, तरी अर्ज अगदीच थोडे आले. निवड करण्याची मुभा असलेल्यांनी या जागेविषयी दिलेला हा निकाल कोणत्याही आरोग्य अहवालाइतकाच बोलका आहे.

आपल्या पर्यावरण मंजुरीच्या पद्धतीत २००६ पासून एक पोकळी आहे. कारखाना माणसांशेजारी येत असेल तर त्याच्या परिणामांची तपासणी होते, जनसुनावणीही होते. माणसांनाच कारखान्याशेजारी नेले जात असेल तर मोठ्या गृहप्रकल्पाची छाननी होते ती मुख्यतः इमारतीचा परिसरावर काय परिणाम होईल याची, आणि अशा प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. परिसराचा राहणाऱ्यांवर काय परिणाम होईल हा उलटा प्रश्न विचारणे बंधनकारक करता येईल: पुनर्वसनाची जागा ठरवण्याआधी तिथली बाष्पांसह हवा वर्षभर मोजावी, आसपासच्या जुन्या रहिवाशांच्या आरोग्याची पाहणी व्हावी आणि ज्यांना तिथे जायचे आहे त्यांच्यासमोर ती मराठीत मांडावी. यामुळे जागा मिळणे अवघड होईल आणि खर्च वाढेल, हे खरे आहे. तो खर्च मूळ प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून दाखवावा लागेल, आणि काही प्रकल्प त्यामुळे परवडेनासे होतील.