प्रश्नपत्रिका कोणी काढायची?

1857 साली मुंबई विद्यापीठ निघाले ते परीक्षा घ्यायला. शिकवणे हे त्याचे काम नव्हते. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवण्याची मोकळीक मिळाली, 1913 साली सिडनहॅम कॉलेजमुळे व्यापारही पदवीचा विषय झाला, पण जुनी सवय सुटली नाही. दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नपत्रिकेला मुले बसवायची आणि निकाल उंचावायचा, एवढ्यावर प्राचार्याची थोरवी ठरत राहिली. मराठवाड्यात या समजुतीला पहिला छेद गेला तो औरंगाबादेत. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तिथे कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांना लिहिते केले. ही कामगिरी कुठल्याही गुणपत्रिकेत दिसणारी नव्हती.

लातूरची गोष्ट याच्या उलट आहे, आणि म्हणूनच बोलकी. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचा ‘लातूर पॅटर्न’च्या जडणघडणीत मोठा वाटा. मागास म्हणून हिणवलेल्या भागातली मुले गुणवत्ता यादीत पुणे-मुंबईच्या बरोबरीला आली, हे यश लहान नव्हे. पण प्रश्न बोर्डाचेच होते. लातूरने उत्तरे पक्की केली. तेच वाघमारे 1994 साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेव्हा प्रश्न ठरवण्याची पाळी आपल्याकडे आली. परिसरात सुट्या विभागांऐवजी संकुले उभी राहिली, वाणिज्य आणि व्यवस्थापनालाही संकुल मिळाले. मात्र ही मोकळीक परिसराच्या कुंपणाशी थांबली. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या स्वायत्त नसलेल्या संलग्न कॉलेजांना अभ्यासक्रम एकच.

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावाच्या बाजूने पाहिले की या एकाच अभ्यासक्रमातली विसंगती उघडी पडते. हा हळदीचा पट्टा. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद हिंगोली-वसमतच्या बाजारात जाते. सौद्याच्या वेळी हळकुंड मोडून आतला रंग बघतात, वाळली किती ते जोखतात, मग बोली चढते. वायदेबाजारात मात्र हळदीचे मूळ केंद्र निझामाबाद. हिंगोलीचा सौदा आणि निझामाबादचा वायदा यांत फरक का पडतो, तो कोणाच्या खिशात जातो, हळद तारण ठेवून थांबणे परवडते का, हे वाणिज्य शाखेचे अस्सल प्रश्न आहेत. इथल्या वर्गात बागायतदाराचा मुलगा, अल्पभूधारकाची मुलगी, तांड्यावरचा आणि आंध आदिवासी वस्तीवरचा मुलगा शेजारी बसतात. बाजाराची प्रत्येकाला माहीत असलेली बाजू वेगळी असते. ही विविधता सवलतींच्या रकान्यात नोंदवून संपवण्याची वस्तू नव्हे. वाणिज्याच्या वर्गाचे ते भांडवल आहे.

असे स्थानिक प्रश्न अभ्यासक्रमात आणण्यावर पहिला आक्षेप असा की अशाने विद्यापीठ व्यापाऱ्यांच्या दावणीला जाईल. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचे उदाहरण त्याला उत्तर म्हणून पुरेसे आहे. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. व्यवहारात उतरूनही गोखले संस्थेतल्या अभ्यासाची धार त्यांनी बोथट होऊ दिली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समान परीक्षा हे गरीब मुलाचे संरक्षण आहे. खेड्यातल्या कॉलेजने स्वतःच पेपर काढला तर त्या पदवीला कोण विचारणार? हे मला मान्य आहे, म्हणून हिशेबशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र समानच राहावे. पण नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि कामावरचे प्रशिक्षण आले आहे. ती जागा स्थानिक प्रश्नांना देता येते, नाहीतर ती दुकानदाराच्या सहीच्या प्रमाणपत्रावर भरली जाईल (आणि तसे होणे फार सोपे आहे).

तिसऱ्या अडचणीला मात्र तयार उत्तर नाही. असा पेपर घडवायला दोन-तीन हंगाम बाजारात जावे लागते, आणि कित्येक कॉलेजांत शिकवणारा तासिका तत्त्वावरचा असतो. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच त्याला ठाऊक नसते. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने पूर्णवेळ अधिष्ठाते आणले. पण खालच्या पदांची मंजुरी मंत्रालयातून येते, कुलगुरूंच्या सहीने नव्हे. तरी अभ्यासमंडळावर तासिकावाल्याला बोलावणे आणि त्याने आखलेला हळदीचा पेपर चार जिल्ह्यांपैकी एकाच जिल्ह्यासाठी मंजूर करणे, याचा आग्रह धरणे कुलगुरूंच्या हातात आहे.