चौकटीतली चिमणी

जानेवारीतली सकाळ. इरई धरणाच्या फुगवट्यावरचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं आणि काठच्या ओल्या गवतात पट्टकादंबांचा थवा चरत होता. मी पोटावर सरपटत पुढे गेलो, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि दिसलं की थव्याच्या बरोबर मागे औष्णिक वीज केंद्राची चिमणी उभी आहे. मग मी तेच केलं, जे इतकी वर्षं करत आलो होतो. पाच-सात हात डावीकडे सरकलो. चिमणी चौकटीबाहेर गेली. मागे नुसतं पाणी आणि झाडांची निळसर रेघ उरली. फोटो देखणा आला.

माझ्यासोबत आमचे काका होते. आमच्या पाच-सहा जणांच्या टोळीत सगळेच त्यांना काका म्हणतात. ते कॅमेरा बाळगत नाहीत. गळ्यात एक जुनी दुर्बीण आणि खिशात वही. परतताना चहाच्या टपरीवर मी त्यांची वही पाहिली. त्या दिवसाची नोंद अशी होती: पट्टकादंब ३७. वारा नाही. केंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर.

चंद्रपूरच्या माणसाला चिमणी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. पण त्या दिवशी मला वेगळंच काही टोचलं. इरईचं पाणी अडवलं गेलं ते मुख्यतः याच २,९२० मेगावॉटच्या केंद्राची तहान भागवायला. ती चिमणी नसती तर हा एवढा जलाशय नसता, आणि हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी या गवतात उतरलेही नसते. म्हणजे मी डावीकडे सरकून जे बाहेर टाकलं होतं, तेच त्या पक्ष्यांच्या तिथं असण्याचं कारण होतं. काकांच्या तीन ओळींत ते होतं. माझ्या चोवीस मेगापिक्सेलमध्ये नव्हतं.

तेव्हापासून मी या छंदाकडे साक्षीचं काम म्हणून पाहतो. पक्षी दिसणं ही ज्याची त्याची गोष्ट असते. तो दिसला हे मात्र कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगितलेलं पटावं लागतं. चित्र नुसतं सुंदर असून भागतं. साक्ष खरी असावी लागते.

साक्ष खोटी निघाली तर काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतलं आहे. रानपिंगळा. या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये केलं, ते आमच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडात मिळालेल्या नमुन्यावरून. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोदा भागात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी जणू विरून गेला. फक्त एक अपवाद होता: ब्रिटिश कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन याच्या संग्रहातला, १९१४ साली गुजरातेत मिळाला अशी चिठ्ठी लावलेला एक नमुना. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढच्या काळात शोध भरकटला. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने संग्रहालयातलं ते कातडं बारकाईने तपासलं, तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरला होता, पेंढा काढून पुन्हा भरला होता आणि वर नवी, खोटी चिठ्ठी लावली होती. रासमुसेनबाईंनी ती चिठ्ठी बाजूला सारली, जुन्या खऱ्या ठिकाणांची यादी केली आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत रानं धुंडाळायला निघाल्या. आधी पूर्वेकडचं रान पाहिलं. तिथं काही नव्हतं. मग २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

ही गोष्ट मी टोळीतल्या नव्या मुलांना मुद्दाम सांगतो. एका माणसाने आपलं नाव मोठं व्हावं म्हणून एका पक्ष्याचा पत्ता खोटा लिहिला आणि नंतरचे कित्येक अभ्यासक चुकीच्या झाडांखाली उभे राहिले. उलट डेव्हिडसनच्या चिठ्ठ्या प्रामाणिक होत्या, म्हणून शतकानंतरही त्यांनी नेमक्या रानात नेऊन सोडलं. आज आपण फोनवरून नोंद टाकतो, ती चिठ्ठीच असते. पक्षी काल दिसला असताना आजची तारीख घालणं, शेजारच्या तलावावरचा पक्षी आपल्या यादीत ओढणं हे लहान वाटतं. मला ते लहान वाटत नाही.

खोट्यापेक्षा चुका अर्थातच जास्त होतात, आणि त्यासाठीच सोबत लागते. ताडोब्यातल्या कोळसा परिक्षेत्राच्या बाजूच्या रानात एकदा मी मोठ्या आत्मविश्वासाने मोरघार जाहीर केली होती. काकांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, डोकं बघ, पारव्यासारखं लहान आहे. मग आम्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाय पाहिले. मोरघारीचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. याचे उघडे, पिवळे. मधुबाज होता. माझी दृष्टी चुकली, काकांच्या दृष्टीने शंका काढली आणि फोटोने निवाडा केला. या तिन्हींपैकी एक जरी नसतं तर वहीत चूक राहिली असती. आमच्या नोंदींमध्ये ‘बहुधा’ हा शब्द बराच येतो, आणि माझ्या मते वहीतला सर्वांत आदराचा शब्द तोच आहे.

कॅमेऱ्याला मी कमी लेखत नाही. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकादंब नागपूर परिसरातल्या तलावांवर अशा हौशी छायाचित्रांमुळेच ओळखू आले. कुणी तरी शिक्षक, कुणी बँकेतला कारकून रविवारी तलावावर जातो, आणि त्याच्या एका फोटोमुळे आशियाच्या दोन टोकांतला रस्ता आखला जातो. बंदुकीने नमुने गोळा करण्याच्या काळात हे ज्ञान पक्ष्याच्या जिवावर मिळे. आता पक्षी उडून जातो आणि साक्ष मागे राहते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पण फोटोखाली नाव एकाचंच येतं. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. मे महिन्याच्या शेवटी, ताडोब्याच्या बफरमध्ये, मोहर्लीच्या बाजूला आम्ही नवरंगासाठी फिरत होतो. हा पक्षी हिवाळा दक्षिणेत काढून पावसाच्या तोंडावर इकडे वीण करायला येतो. सकाळ-संध्याकाळ नेमाने ओरडतो म्हणून तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे. आम्ही बांबूत डोळे फाडून बघत होतो. सोबतचा गाइड, त्याच भागातल्या गावचा तरुण, डोळे मिटून उभा होता. हळूच म्हणाला, “थो नाल्याच्या पल्याड बोलून रायला जी. आता खाली उतरन.” आणि तीन-चार मिनिटांत पालापाचोळ्यावर ते नऊ रंग टुणटुण उड्या मारत आले. माझा तो फोटो पुढे एका दिनदर्शिकेत छापला गेला. त्याखाली माझं नाव होतं. पक्षी ज्याने दाखवला त्याचं नव्हतं, आणि ते घालावं हे मला सुचलंही नव्हतं.

मारुती चितमपल्लींना ते सुचलं होतं. वन खात्यात नोकरी करताना त्यांनी रानातल्या माणसांना गुरू मानलं, आणि नवेगाव बांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांचा पक्षी-अभ्यास आपल्या लेखनातून मराठी वाचकांपर्यंत नेला. त्यांच्या ‘पक्षिकोशा’त रानातल्या बोलींतली नावं सापडतात, आणि आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं तेही एका घुबडाचं, ‘चकवाचांदण’. १८ जून २०२५ रोजी ते गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा वाढदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. या आठवड्यात शाळांतून रंगीत फोटोंची प्रदर्शनं लागतात. माझी इच्छा एवढीच, की प्रत्येक फोटोखाली तो पक्षी कुणी दाखवला, तेही लिहावं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो. एका जून महिन्यात आम्हाला नाल्यावरच्या फांदीत स्वर्गीय नर्तकाचं घरटं मिळालं. चहाच्या कपाएवढं, कोळ्याच्या जाळ्याने विणलेलं. समोर एक पानांची डहाळी येत होती. आम्ही ती तोडली नाही, दोरीने मागे बांधली, आणि आपण किती काळजी घेतो याचं समाधानही वाटून घेतलं. लांब पांढऱ्या शेपटीचा नर अंड्यांवर बसलेला, असा फोटो सगळ्यांना मिळाला. तो आम्ही ओळखीच्यांना दाखवला, जागाही सांगितली. चार दिवसांनी गेलो तेव्हा नाल्याकाठी बुटांच्या ताज्या खुणा होत्या आणि घरटं रिकामं होतं. घरटी लुटणारे टकाचोर त्या भागात नेहमी फिरतात. ती डहाळी म्हणजे घरट्याचा पडदा होता, आणि तो आम्ही उघडा करून ठेवला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची घरटी, अंडी बिघडवणं-विचलित करणं धरलं आहे. आमच्यापैकी एकानेही स्वतःला शिकारी म्हटलं नसतं.

त्या दिवसापासून टोळीत वीणकाळात घरट्याचा फोटो नाही, आणि ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावणं नाही. जागेबद्दलही आम्ही बराच वाद घातला. साक्षीला ठिकाण लागतं; ठिकाण नसेल तर नोंद निरुपयोगी. आणि पक्ष्याला लपण लागतं. शेवटी ठरलं ते असं: नेमकी जागा वहीत आणि अभ्यासाच्या नोंदीत जाते, बोलण्यात आणि फोटोखाली फक्त जिल्ह्याचं नाव. वाटून घ्यायचा तो आनंद. पत्ता वाटायचा नाही. हे पुरेसं आहे असं मला वाटत नाही, पण सध्या आमच्या हातात एवढंच आहे.

आणखी एक खंत. आमच्या जिल्ह्यात येणाऱ्या बहुतेक लेन्स वाघासाठी येतात. त्यामुळे पक्ष्यांच्या नोंदीही सफारीच्या रस्त्यांना लगटून दाटतात, आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं एटापल्ली, भामरागडकडचं विस्तीर्ण रान नकाशावर जवळपास कोरं दिसतं. माणसं गेली नाहीत म्हणून ते कोरं आहे. आणि जे रोज दिसतं तेही नोंदीतून सुटतं. दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, असं माझी आजी म्हणायची. ती आम्हाला घेऊन झरपट नदीच्या बाजूच्या शेतांकडे जाई; तारेवर बसलेला तो निळा पंख उघडून उडाला की हात जोडी. २०२३ मध्ये देशातल्या सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून जो भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला, त्यात ज्या १४ जातींचा धोका नव्याने तपासावा असं सुचवलं आहे, त्यांत नीळकंठ आहे. आजीच्या काळात त्याला कुणी मोजला नाही, कारण तो होताच. तो कमी होतोय हे कळलं ते अनेक सामान्य माणसांनी ‘आजही दिसला’, ‘आज दिसला नाही’ असं कंटाळा न करता लिहून ठेवलं म्हणून. दुर्मीळ पक्ष्यामागे धावणारा मीही, पण अलीकडे दसऱ्याच्या सकाळी दोन तास फक्त तारा बघत हिंडतो आणि आकडा लिहितो. शून्य असेल तर शून्य.

यंदाच्या जानेवारीत इरईवर पुन्हा पट्टकादंब आले. पाणी आरशासारखं स्थिर होतं, काही पक्षी काठावर, काही पोहत. मी सरपटत गेलो, आणि चिमणी पुन्हा बरोबर मागे आली. या वेळी सरकलो नाही.

काकांना त्या फोटोची मोठी प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, वही काढली आणि पान उलटून म्हणाले, “मी एकोणचाळीस मोजलेत. तू?” मी मोजलेच नव्हते. मग आम्ही टेबलावर फोटो पसरून पेन्सिलीच्या टोकाने एकेक पक्षी मोजला. एक्केचाळीस भरले. काकांना पटेना. पुन्हा मोजले, या वेळी डावीकडून. चिमणीचं काळं प्रतिबिंब पाण्यात लांबवर उतरलं होतं आणि त्या काळ्या पट्ट्यात, दुर्बिणीतून सहज हुकावेत असे, दोन पट्टकादंब पोहत होते. काकांनी वहीतला आकडा खोडला नाही. त्याच्यापुढे कंस करून लिहिलं, ‘फोटोवरून ४१’, आणि खाली माझं नाव घातलं.